सपची शिकवणी: देवबागपासून पाळोळेपर्यंत नवशिक्याचे पैसे कसे जातात

"एक तास सप, शिकवायला माणूस सोबत, फोटो-व्हिडिओ फ्री." मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापासून गोव्यातल्या पाळोळेपर्यंत सपची, म्हणजे बोर्डवर उभं राहून वल्हवायच्या स्टँड-अप पॅडलबोर्डिंगची शिकवणी साधारण याच शब्दांत विकली जाते. विकणारा बहुतेक वेळा शिकवणारा नसतोच. तो रिक्षावाला, होमस्टेवाला किंवा वाळूत फिरणारा एजंट असतो, आणि त्याचं कमिशन कापून उरलेले पैसे बोर्डवाल्याकडे पोचतात. मग बोर्डवाला तो खड्डा तुमच्या वेळेतून भरून काढतो. यातले पैसे गेल्याचं दुःख आठवड्यात विसरतं. पण पंधरा मिनिटं डगमगून, चार वेळा पडून माणूस घरी जातो तो "आपल्याला तोलच नाही" असं मनाशी धरून, आणि पुन्हा कधी बोर्डवर पाय ठेवत नाही. दोष असतो अर्धवट हवा भरलेल्या बोर्डचा, उलट्या धरलेल्या पॅडलचा, दुपारच्या वाऱ्याचा. ते त्याला कोणी सांगत नाही. ते इथे सविस्तर सांगतो आहोत.

आधी वेळ. तास मोजला जातो तो फॉर्मवर सही केल्यापासून. त्यात दहा मिनिटं लाइफ जॅकेट शोधण्यात, दहा-पंधरा मिनिटं आधीच्या लोकांचे बोर्ड परत येण्याची वाट बघण्यात, दहा मिनिटं फोटोत. पाण्यावर हातात पॅडल घेऊन उरतात फार तर पंचवीस-तीस मिनिटं. नीट घेतलेल्या तासाची वाटणी अशी असते: दहा-पंधरा मिनिटं वाळूवर शिकवणं, निदान पस्तीस-चाळीस मिनिटं पाण्यावर, बाकीची पाच येण्याजाण्यात. म्हणून पैसे देण्याआधी विचारायचं ते एवढंच: "तास कुठून धरणार? बोर्ड पाण्याला टेकल्यापासून ना?" आणि एका शिकवणाऱ्यामागे किती जण, तेही. आमच्या मते नवशिके सहाच्या वर नकोत. दहा जणांमागे एक माणूस असेल तर तो शिकवत नसतो, गुरं वळावीत तशी माणसं वळत असतो.

फ्री फोटोचा प्रकार एकदा जवळून बघण्यासारखा आहे. कमरेएवढ्या पाण्यात बोर्डची शेपूट एकजण घट्ट धरून ठेवतो, दुसरा समोरून फोटो काढतो. चौकट अशी कापलेली असते की तुम्ही भर समुद्रात एकटे उभे आहात असं वाटावं. तो फोटो मोठा करून शेपटीकडे बघितला, तर कडेवर चार बोटं दिसतात. ज्याचा बोर्ड कोणीतरी धरून ठेवला होता, त्याने त्या दिवशी तोल सावरायला सुरुवातच केलेली नसते.

आता बोर्ड. नवशिक्याला मिळतो तो बहुधा हवा भरायचा: साडेदहा फुटांच्या आसपास लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड. आत वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना जोडलेला असतो, म्हणून पुरेसा दाब भरला की तो लाकडी फळीसारखा ताठ होतो. हा पुरेसा दाब बहुतेक बोर्डना १२ ते १५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) लागतो, आणि तो आकडा व्हॉल्व्हशेजारी छापलेला असतो. हातपंपाने सहा-सात पीएसआयपर्यंत सहज जाता येतं. पुढे प्रत्येक दाबाला अंगाचा भार घालावा लागतो. सकाळी दहा बोर्ड भरायचे असलेला पोरगा नेमका तिथेच थांबतो. ऐंशी किलोचा माणूस अशा बोर्डवर उभा राहिला की बोर्ड मधे दबतो, नाक आणि शेपूट वर येतात, त्याचं केळं होतं. पायाखालचा भाग पाण्यात जातो आणि प्रत्येक हालचालीला लचकतो. यावर तोल सांभाळणं सराईतालाही जड जातं.

ओळखायला गेज लागत नाही. अंगठा जोरात रोवा: भरलेल्या बोर्डवर खळगा पडत नाही. बोटांच्या पेरांनी ठोका: टणक आवाज आला पाहिजे, ढब् नाही. ही परीक्षा उन्हात पडलेल्या बोर्डवर घेतली तर ती फसवते. तापलेल्या बोर्डमधली हवा फुगलेली असते, थंड पाण्यात गेल्यावर दोनेक पीएसआय उतरतात. म्हणून पाण्यात पाच मिनिटं ठेवलेला बोर्ड दाबून बघायचा. नरम वाटला तर "पंप आणा" म्हणायला लाजू नका. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

मग बोर्ड उलटा करायला सांगा. खाली मधोमध एक मोठं फिन, म्हणजे माशाच्या परासारखा उभा पंख, हवं, आठ-नऊ इंच उंच, त्याचं टोक शेपटीकडे झुकलेलं. ओहोटीला उथळ पाण्यात फिन वाळूत रुतून मोडतं, म्हणून कितीतरी ठिकाणी ते काढूनच ठेवलेलं असतं. फिन नसलेला बोर्ड उजवीकडे वल्हवलं की डावीकडे गर्रकन वळतो, डावीकडे वल्हवलं की उजवीकडे, आणि वाऱ्याने आडवा सरकत जातो. शिकवणारा मग ओरडत राहतो, "सरळ मारा, सरळ!" सरळ जाण्याची सोयच काढून घेतलेली असते. फिन असेल तर निघताना निदान गुडघाभर पाणी हवं, नाहीतर ते वाळूला अडतं आणि माणूस तोंडावर पुढे पडतो.

पॅडलची लांबी प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे बदलायची असते: ते उभं धरून हात वर केला की मनगट मुठीवर यायला हवं, म्हणजे उंचीपेक्षा सहा-आठ इंच जास्त. किनाऱ्यावर मात्र सहा फुटी बापाला आणि चौदा वर्षांच्या मुलीला एकाच मापाचं पॅडल मिळतं, कारण लांबी बदलायचा क्लॅम्प गंजलेला असतो. लांबीहून मोठी चूक पात्याच्या दिशेची. पातं दांड्याशी थोडं वाकलेलं असतं. पाण्यात रोवल्यावर तो बाक पुढे, नाकाकडे गेला पाहिजे. बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, पातं पळीसारखं मागे ओढावं असं हाताला वाटतं, आणि जवळजवळ प्रत्येक नवशिका तसंच धरतो. उलट्या पात्याने पाणी वर उचललं जातं, बोर्ड पुढे जात नाही. खरा शिकवणारा हे पहिल्या दोन मिनिटांत दुरुस्त करतो. ज्याला पैसे घेऊनही ते दिसत नाही, त्याच्याकडून पुढचं काही शिकायला मिळेल अशी आशा धरू नका.

खऱ्या शिकवणीचा क्रम ठरलेला आहे. बोर्डच्या मधोमध उचलायची मूठ असते. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून सुरुवात, पॅडल आखूड धरून दहा-पंधरा हात मारायचे. मग पॅडल बोर्डवर आडवं टेकवून, जिथे गुडघे होते तिथे एकेक पाऊल आणायचं. पावलं खांद्याएवढी दूर, बोटं नाकाकडे, गुडघे किंचित वाकलेले. उभं राहताना नजर पायांवर नाही, समोरच्या माडांवर किंवा क्षितिजावर. आणि उभं राहिल्या राहिल्या पॅडल पाण्यात घालायचं, कारण सायकलसारखाच चालता बोर्ड थांबलेल्या बोर्डपेक्षा स्थिर असतो. नुसतं उभं राहून "तोल धरा, तोल धरा" म्हणणारा माणूस तुम्हाला पाडायचीच तजवीज करतो आहे.

पडणंही शिकवायचं असतं: बोर्डपासून दूर, आडवं, पसरून, म्हणजे उथळ पाण्यात डोकं किंवा पाय तळाला आपटत नाहीत. आणि परत चढणं. मधली मूठ पकडायची, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत आणून मारायचे, पोटावर सरकत वर यायचं. मधल्या मुठीऐवजी कडेला लोंबकळलं तर बोर्ड उलटून डोक्यावर येतो. शिकवणी खरी की खोटी, हे ओळखायची आमची एकच खूण सांगायची तर हीच: खोल पाण्याकडे नेण्याआधी परत चढायला शिकवलं आणि करून घेतलं का? नसेल, तर तो माणूस तुमच्या जिवाची किंमत धरत नाही, आणि तिथूनच परत फिरावं.

लीश, म्हणजे बोर्डला बांधून ठेवणारी दोरी, कित्येकदा दिलीच जात नाही. समुद्रात ती घोट्याला हवी, कारण पडलेल्या माणसापासून बोर्ड वाऱ्याने पोहून गाठता येणार नाही इतक्या वेगाने जातो. नदीत मात्र घोट्याची लीश घातक ठरू शकते. कर्लीसारख्या खाडीत मासेमारीचे खुंट, नांगराचे दोर, जाळी असतात. लीश त्यात अडकली की ओढ माणसाला खाली दाबते आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. वाहत्या पाण्यात कमरेला बांधायची, एका हिसक्यात सुटणारी लीश लागते. दोन्हीकडे एकच लीश वापरणाऱ्याला हा फरक माहीत नसतो. जॅकेटचे सगळे पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून कोणी वर ओढलं तर ते कानापर्यंत सरकता कामा नये, हेही बघून घ्या.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती वेळेच्या निवडीत, आणि ती वाळूवर उभं राहून दिसत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात या किनाऱ्यावर पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारी खारा वारा सुटतो आणि तीन-चारच्या सुमाराला जोरात असतो. पर्यटक उशिरा उठतात, जेवून येतात, म्हणून त्यांना चारची वेळ विकली जाते. त्या वाऱ्यात उभ्या माणसाचं अंगच शीड होतं. नवशिक्या पुढे जाऊच शकत नाही. मग त्याचा बोर्ड कयाकला बांधून ओढतात आणि त्यालाच राइड म्हणतात. सकाळी साडेसात ते दहा ही वेळ मागा. पण सकाळचाही एक धोका आहे: मतलई वाऱ्यात किनाऱ्याजवळचं पाणी आरशासारखं दिसतं, आणि तोच वारा बोर्डला हळूहळू बाहेर नेत असतो. शिकवणारा तुमच्या समुद्राकडच्या बाजूला हवा, वाळूत खुर्चीवर नको. वाहवत गेलात तर उभं राहू नका. गुडघ्यांवर या, नाहीतर पोटावर झोपून हातांनी वल्हवा, पॅडल डोक्यावर हलवून खूण करा, आणि काही झालं तरी बोर्ड सोडून पोहायला लागू नका.

देवबागला याच्या जोडीला भरती-ओहोटी. साधारण सव्वासहा तासांनी पाणी फिरतं आणि मधल्या दोन तासांत ओढ सगळ्यात जास्त असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ती आणखी वाढते. ओहोटीला कर्लीचं पाणी थेट समुद्राकडे धावतं, आणि नवशिक्याला संगमाकडे नेणं तेव्हा सरळसरळ धोक्याचं. नियम साधा आहे: जाताना ओढीविरुद्ध, येताना ओढीबरोबर. "आज भरती कितीला?" या प्रश्नावर जो गडबडतो, त्याच्याबरोबर पाण्यात जाऊ नका.

परत आल्यावर शेवटचा डाव असतो डिपॉझिटचा. बोर्ड उलटा करून एक ओरखडा दाखवला जातो, किंवा "हवा जाते आहे, पंक्चर केलंत" म्हणून पाच-दहा हजार मागितले जातात. थायलंडमध्ये पट्टाया-फुकेतला जेट-स्कीच्या भाड्यात हीच युक्ती वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिथे पासपोर्ट अडकवून ठेवतात, इथे आधार किंवा लायसन्स. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. निघण्याआधी बोर्डची दोन्ही अंगं, कडा, जुनी ठिगळं, फिन आणि व्हॉल्व्ह यांचा एक सलग व्हिडिओ काढा, त्यात बोर्डवाल्याचा चेहरा नाही तरी आवाज येऊ द्या. आणि हवा गेल्याचा आरोप झाला तर व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी ओता. बुडबुडे बहुतेकदा तिथेच येतात, कारण व्हॉल्व्ह सैल झालेला असतो आणि तो त्याच्या पान्याने मिनिटभरात आवळला जातो. व्हॉल्व्हमधली दांडी खाली दबलेली राहिली तरीही हवा जाते, ती दाबून फिरवून वर आणायची असते. यातलं काहीच तुमच्या हातून झालेलं नसतं.

परवाना बघायला मागणं हा उद्धटपणा नाही. महाराष्ट्रात जलक्रीडेचा परवाना सागरी मंडळाकडून मिळतो, गोव्यात पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र वाचा: बोट चालवण्याचं किंवा जीवरक्षकाचं असेल तर ते उपयोगाचं आहे, पण सप शिकवण्याचं नाही. इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचे सप प्रशिक्षकांसाठी संथ पाण्याचे आणि लाटांचे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. "विमा आहे" म्हणाले तर पॉलिसीचा नंबर विचारा. पावसाळ्यात किनाऱ्यावरची जलक्रीडा बंद असते; तेव्हा कोणी "आमचं चालू आहे" म्हणत असेल तर तो परवान्याबाहेर विकतो आहे.

पैसे एजंटच्या खासगी यूपीआय नंबरवर पाठवू नका. पाठवायचेच तर थोडे आधी, उरलेले पाण्यातून बाहेर आल्यावर, आणि शेऱ्यात "सप शिकवणी, एक तास" असं लिहून. बनावट वेबसाइटवर बुकिंग झालं असेल तर लगेच १९३० वर फोन करा. सेवेतल्या कमतरतेसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पुण्याच्या माणसाला त्यासाठी सिंधुदुर्गात खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेवढे दिवस तो बोर्डचा व्हिडिओ, पावती आणि शेपटीवर बोटं दिसणारा फोटो फोनमधून पुसू नका.