बोर्ड जळलाच नव्हता: ५.१ स्पीकरच्या नावावर आमच्या घरची झालेली लूट

घरच्या कम्प्युटरला ५.१ चा, म्हणजे पाच छोटे स्पीकर आणि जाड आवाजाचा एक वूफर असा, स्पीकर सेट लावला आहे, पुढचे दोन स्पीकर वाजतात, मागचे दोन आणि मधला एकदम मुके झालेत, आणि दुरुस्तीवाला म्हणतो की बोर्डाचं, म्हणजे कम्प्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटचं, साउंड जळलं. तुमच्याकडे असं झालं असेल तर पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात, आमच्याच घरी हे घडलं. ही फसवणूक लवकर ध्यानात येत नाही, कारण वस्तू बंद पडत नाही. दुकानातून आणल्यावर पाचही स्पीकर वाजतात, घरची मंडळी खूश होतात आणि विषय तिथेच संपतो.

सेट माझ्या मोठ्या बाबांचा. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, भजनात खंजिरी धरणारे, त्यामुळे कान फार तयार. निवृत्तीनंतर त्यांनी कम्प्युटर घेतला, त्याला पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर असा सेट जोडला. सिनेमे, भजनं, क्रिकेटची मॅच, सगळं त्यावर चालायचं. काही वर्षं कुठलीच तक्रार नव्हती. मग कम्प्युटर फार हळू चालायला लागला म्हणून तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. तिथे विंडोज नव्याने टाकून दिली. घरी आणून तारा लावल्या, तर पुढचे दोनच स्पीकर बोलले.

कम्प्युटर परत त्याच दुकानात गेला. दुकानदाराने कॅबिनेट उघडलं, मोबाइलच्या उजेडात बोर्डावरची एक काळपट जागा दाखवली आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचं साउंडच जयलं. गावाकडची लाइन कशी हाय, तुमाले तं माहीतच हाय. व्होल्टेज वरखाली झालं का बोर्डाचा एकेक भाग जाते."

आमच्या भागात हे वाक्य कोणालाही पटतं. ओलिताच्या दिवसांत मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब मंद होतो. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला टीव्हीचा प्लग काढायला घरातलं कोणी ना कोणी धावतंच. मोटार जळली, स्टार्टर जळलं, फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला, हे प्रत्येक घराने भोगलं आहे. त्यामुळे 'व्होल्टेजने गेलं' म्हटल्यावर पुरावा कोणी मागत नाही. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक होतं. आमच्या खऱ्या त्रासाचा त्याने धंद्यासाठी वापर केला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

बोर्ड बदलायचे त्याने ७,००० रुपये सांगितले. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे मागचे दोन स्पीकर वाजावेत म्हणून जवळपास क्विंटलभर कापूस. मोठे बाबा गप्प झाले तसा त्याने दुसरा रस्ता काढला. "बोर्ड राहू द्या गुरुजी. बाहेरून सेव्हन पॉइंट वनचं साउंड कार्ड लावून देतो. तुमचा सेट तं फाइव्ह पॉइंट वनचाच हाय, हे त्याच्या वरचं." कार्डाचे १,८५०, तारांच्या जोडण्यांचे ३५० आणि मजुरीचे ५००, असे २,७०० रुपये झाले. सात हजार ऐकल्यानंतर सत्तावीसशे कोणालाही कमीच वाटतात, आणि पहिला आकडा त्याचसाठी सांगितलेला असतो. पैसे फोनवरून दिले. बिल मागितलं तर उत्तर आलं, "घरचंच दुकान हाय, बिल कायले लागते?"

ते कार्ड म्हणजे यूएसबीमध्ये खोचायची अंगठ्याएवढी काळी डबी. वर ठळक छापलेलं: ७.१ चॅनेल. अशीच डबी ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळते, हे मला नंतर दिसलं.

घरी आल्यावर पाचही स्पीकर वाजले. पण मोठ्या बाबांनी एक सिनेमा लावला, पाच-दहा मिनिटं ऐकला आणि म्हणाले, "आवाज येऊन राहिला, पण हे बरोबर नाही वाजून राहिलं रे बाबू." सिनेमातले संवाद पूर्वी मधल्या स्पीकरमधून, थेट पडद्यातून आल्यासारखे यायचे. आता तेच संवाद पाठीमागूनही येत होते. गाडी पुढून मागे गेली तरी तिचा आवाज जागचा हलत नव्हता. घरात कोणी म्हणालं, वय झालं की असं वाटतं. मोठ्या बाबांनी त्यावर वाद घातला नाही, पण मान्यही केलं नाही. पन्नासेक वर्षं भजनात बसलेला माणूस कुठला आवाज कुठून येतो हे सांगतो, तेव्हा त्याच्या कानावर विश्वास ठेवायला हवा. मी कम्प्युटर उलटा फिरवला आणि तारा पाहायला बसलो.

आता थोडं तांत्रिक सांगतो, कारण त्याशिवाय लूट कशी झाली ते कळणार नाही. ५.१ म्हणजे सहा वेगवेगळे आवाज: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचा डावा, मागचा उजवा, आणि '.१' हा वूफरचा. साडेतीन मिलिमीटरच्या एका साउंड पिनेतून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. म्हणून सहा आवाजांना तीन पिना लागतात. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि वूफरची. ७.१ असेल तर आठ आवाज, म्हणजे चार पिना. आणि त्या डबीला भोकं होती दोन. एक हेडफोनचं, एक माइकचं. आवाज बाहेर पडायला एकच वाट, म्हणजे आवाज दोनच. तिच्यावरचं ७.१ हे हेडफोन घालणाऱ्याला सॉफ्टवेअरने करून दिलेला भास असतो. खोक्यावर 'व्हर्च्युअल' हा शब्द असला तर बारीक अक्षरात कुठेतरी असतो, आणि खोकं तर आम्हाला दिलंच नव्हतं.

मग पाचही स्पीकर वाजले कसे? त्या एकाच भोकाला फाटे फोडणाऱ्या जोडण्या लावून त्यातच तिन्ही पिना खोचल्या होत्या. विहिरीवरच्या एका पाइपाला टी-जोड लावून पाणी तीन वाफ्यांत सोडावं, तसा एकच आवाज सगळीकडे वाटला होता. पुढे जे वाजत होतं तेच मागे. नारिंगी पिनेत तर आणखी गोंधळ. मधल्या स्पीकरला फक्त डाव्या बाजूचा आवाज मिळत होता आणि वूफरला फक्त उजव्या बाजूचा. रेकॉर्डिंगमध्ये तबला डावीकडे असेल तर त्याचा घुमारा वूफरपर्यंत पोचणारच नाही.

दुकानदाराला समजलं नसेल, त्याचीही चूक झाली असेल, असं मला काही जणांनी सांगितलं. मला ते पटत नाही. डबीतून खरंच आठ आवाज निघतात असं वाटणारा माणूस फाटे कशाला जोडेल? एका भोकातून दोनच आवाज येतात आणि पाच स्पीकर वाजवून दाखवायचे आहेत, हे माहीत असणाराच त्या जोडण्या घेतो. आणि त्याचे पैसेही लावतो.

मूळ बिघाड काय होता ते आता सांगतो. आमच्या बोर्डाला मागे साउंडची तीनच भोकं आहेत: हिरवं, निळं आणि गुलाबी. एरवी निळं भोक बाहेरचा आवाज आत घ्यायला असतं आणि गुलाबी माइकसाठी. पण ५.१ निवडलं की साउंडचा ड्रायव्हर, म्हणजे साउंडची चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, त्यांचं काम बदलतो. निळ्यातून मागचे दोन स्पीकर वाजतात, गुलाबीतून मधला आणि वूफर. विंडोज नव्याने टाकली की बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर आपोआप बसतो आणि कम्प्युटर दोन स्पीकरच्या मांडणीवर येतो. मग निळं आणि गुलाबी भोक पुन्हा आवाज आत घेणारं बनतं. तिथे खोचलेले स्पीकर मुके होणारच. जळण्याचा यात संबंधच नाही. सहाही आवाज बोर्डावरच्या एकाच चिपमधून निघतात. हिरव्यातून स्वच्छ आवाज येत होता, म्हणजे चिप जिवंत होती. आणि विंडोज टाकून ही स्थिती करणारा, तीच स्थिती 'बिघाड' म्हणून दाखवणारा आणि तिचे पैसे घेणारा माणूस एकच होता.

मी डबी आणि फाटे काढले. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर जाऊन आमच्याच मॉडेलचा रिअलटेकचा (साउंडची चिप बनवणारी कंपनी) ड्रायव्हर उतरवला, टाकला, कम्प्युटर बंद करून सुरू केला. काळी पिन निळ्या भोकात घातली तर पडद्यावर प्रश्न आला की काय जोडलं आहे. तिथे मागचे स्पीकर निवडले. नारिंगी पिन गुलाबी भोकात घालून मधला स्पीकर आणि वूफर निवडलं. मग कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडमध्ये, प्लेबॅकखाली स्पीकरवर क्लिक करून कॉन्फिगर दाबलं, ५.१ निवडलं आणि टेस्ट दाबलं. एकेक स्पीकर आपापल्या पाळीने बोलला. मोठ्या बाबांनी तोच सिनेमा पुन्हा लावला आणि या वेळी शेवटपर्यंत पाहिला. 'जळलेल्या' बोर्डातूनच हे सगळं झालं, आणि खर्च फक्त ड्रायव्हर उतरवायला लागलेल्या डेटाचा.

हीच टेस्ट तुमचं संरक्षण आहे. दुरुस्तीवाल्यासमोर गाणं लावून खात्री करू नका. गाणी बहुतेक दोनच आवाजांत रेकॉर्ड केलेली असतात, यूट्यूबवरची गाणी तर जवळपास सगळीच. सगळं ठीक असतानाही गाण्यावर मागचे स्पीकर शांत राहू शकतात, आणि उलट फाटे लावलेले असले की तेच गाणं सगळीकडून जोरात वाजतं आणि माणूस फसतो. कॉन्फिगरमध्ये जाऊन टेस्ट दाबायला लावा. एका वेळी एकच स्पीकर बोलला पाहिजे. आमच्या डबीवर कॉन्फिगरमधली मांडण्यांची यादी उघडली तेव्हा तिथे फक्त स्टिरिओ, म्हणजे दोन आवाजांची मांडणी होती, ५.१ चं नावच नव्हतं. कोणी बाहेरचं कार्ड देत असेल तर आवाज बाहेर पडायची भोकं मोजा. खरं ५.१ चं यूएसबी कार्डही मिळतं, पण या सेटसाठी त्याला स्पीकरची तीन भोकं हवीत.

स्पीकर किंवा तारच गेली असेल अशी शंका असली तर काळी पिन काढून हिरव्या भोकात घाला. मागचे स्पीकर वाजले तर ते आणि त्यांची तार चांगली आहे. सतत गुणगुण येत असेल तर आधी घराचं अर्थिंग पाहा. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी टाकल्यावरही ती गुणगुण कमी झालेली पाहिली आहे. आणि कॅबिनेट दुकानात ठेवायचंच असेल तर टास्क मॅनेजर या विंडोजच्या खिडकीत रॅम (कम्प्युटरची मेमरी, जी काढून बदलता येते) किती दिसते त्याचा फोटो आधी काढून ठेवा. आमची रॅम शाबूत होती, पण कॅबिनेट डोळ्याआड गेलं की काहीही होऊ शकतं.

आम्ही दुकानात गेलो आणि टेस्टचा व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला, "तवा जयलं होतं, आता ड्रायव्हरनं उठलं असन." मग म्हणाला, "बिल कुठं हाय?" बिल त्यानेच दिलं नव्हतं, आणि इथेच बरेच लोक परत फिरतात. फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकलेल्या मालाचं किंवा सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, कलम २(४७) मध्ये. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेही त्याच कलमात येतं. फोनवरून केलेल्या पेमेंटची नोंद हा पुरावा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

हे सगळं मोठ्या बाबांनी स्वतःच्या अक्षरात एका पत्रात लिहिलं. तारीख, रक्कम, डबीचा फोटो, व्हिडिओचा उल्लेख, कायद्याचं कलम, आणि पंधरा दिवसांची मुदत. पत्र स्पीड पोस्टने पाठवलं. मुदत संपण्याआधी दुकानदाराने डबीचे आणि जोडण्यांचे मिळून २,२०० रुपये फोनवर परत पाठवले. मजुरीचे ५०० दिले नाहीत. 'काम तर केलं' असं त्याचं म्हणणं.

ही गोष्ट गावात कळल्यावर आणखी काही घरांतून मला बोलावणं आलं. तीच डबी, तेच फाटे, तेच 'व्होल्टेजनं जयलं'. एका घरी मात्र बोर्डाचं निळं भोक खरंच ढिलं होतं, पिन हलवली की आवाज जायचा. तिथे दुरुस्तीची गरज होती, पण ती डबी तिथेही कामाची नव्हती. बाकी ठिकाणी ड्रायव्हर टाकून तारा जागेवर लावल्या आणि सेट पूर्ववत झाले. ज्यांच्याकडे पेमेंटची नोंद आहे त्यांना मोठे बाबा पत्राचा मजकूर लिहून देत आहेत. आमच्या उरलेल्या ५०० रुपयांसाठी आयोगाकडचा अर्जही त्यांनी तयार ठेवला आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि आमची अजून बरीच बाकी आहे.