जुन्या नावेचं इंजिन: खोलून बांधायचं की नवं बसवायचं?

हतनूरच्या बॅकवॉटरला, उकाईच्या फुगवट्याला नवापूरकडे, नाहीतर वर अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला नर्मदेत, ज्यांची जुनी डिझेल नाव आहे त्यांना हा प्रश्न कधीतरी पडतोच. धूर वाढलाय, सकाळी हँडल मारून मारून हात दुखतात, नाव आधीसारखी ओढत नाही. मग एक जण सांगतो भो आता नवंच टाक, दुसरा म्हणतो जुनं लोखंड ते जुनं लोखंड, बांधून घे. माझं मत आधीच सांगतो: इंजिन किती वर्षांचं आहे यावर हे ठरवू नका, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) आणि ब्लॉक (इंजिनचं मुख्य ओतीव अंग) यांचं माप घेऊन ठरवा, आणि त्याच्याही आधी दोष खरंच इंजिनचा आहे का ते बघा.

कारण ताकद कमी झाली असं वाटणाऱ्या कितीतरी नावांमध्ये भानगड इंजिनच्या बाहेर असते. नाव ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची पाती खडकाला लागून वाकलेली असतात, पंखा फिरवणाऱ्या शाफ्टला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला असतो, टाकीच्या तळाला पाणी आणि गाळ बसलेला असतो, फिल्टर कोणी बदललेलाच नसतो. हे सगळं एका दिवसात बघून होतं आणि खर्च जवळपास काहीच नाही.

धूर बघायला शिका. काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, मग नोझल (डिझेल फवारणारी तोटी) खराब असेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा पंखा जास्त मोठा बसवलाय म्हणून लोड पडतोय, यात इंजिन बदलायचं काहीच कारण नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा नाहीतर लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) गेलं, हे बांधून सुधारतं. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला आणि ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरतंय, आता हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं पॅकिंग) गेलंय की ब्लॉकला चीर आहे हे खोलल्याशिवाय कळत नाही, आणि निर्णय इथेच फिरतो.

हेड काढलं की लायनरच्या वरच्या टोकाजवळ, जिथे वरची रिंग येऊन थांबते, तिथे आतून नख फिरवून बघा. नख कडेला अडकलं तर लायनर झिजलंय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, लायनर-पिस्टन-रिंगांचं किट बदलता येतं. खरी गोष्ट क्रँकची. लेथवाल्याकडे नेऊन मायक्रोमीटर लावायला सांगा, जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) चारही बाजूंनी मोजायला सांगा, कारण झीज एकाच बाजूने होते आणि क्रँक अंडाकार होतो. पहिल्यांदाच ग्राइंड होत असेल, १० थाऊ, २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तर बारीक झालेल्या क्रँकला बसणारं अंडरसाइज बेअरिंग मिळतं आणि इंजिन अजून बरीच वर्षं चालतं. आधीच शेवटच्या साइजवर आलेला असेल तर नवा क्रँक, आणि नवा क्रँक अधिक किट अधिक पंप अधिक मजुरी असा हिशोब नव्या इंजिनच्या निम्म्यावर गेला की मी तरी थांबेन. ब्लॉकला चीर असेल तर विचारच करू नका, वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आपल्याकडे बांधण्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे, पाणी गोडं आहे. समुद्रात खारं पाणी कूलिंगच्या वाटा आतून खाऊन टाकतं, आपल्याकडे तो प्रकार नाही. म्हणून किनाऱ्यावरून कोणी स्वस्तात सेकंडहँड इंजिन आणून देत असेल तर वॉटर जॅकेट (इंजिनभोवतीची थंड पाण्याची पोकळी) उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, त्यापेक्षा तुमचं स्वतःचं थकलेलं इंजिन बरं. पण आपल्याकडे गाळ आहे. पूर्णा काळ्या मातीचा प्रदेश धुऊन आणते आणि हतनूरला तो गाळ बसतो, नदीचं पाणी सरळ इंजिनमध्ये घेत असाल तर जॅकेटमध्येही बसतो. इंजिन तापतंय म्हणून बदलायला निघालेल्यांनी आधी जॅकेट साफ करून बघावं.

आता नवं. नवं घेताना लोक फक्त इंजिनची किंमत धरतात, तिथेच हिशोब चुकतो. समजा तुमचं जुनं राजकोटचं लिस्टर टाइप (जुन्या इंग्लिश लिस्टर इंजिनच्या धर्तीचं) आहे, ६५० आरपीएमवालं, म्हणजे मिनिटाला ६५० फेरे, वजन ३०० किलोच्या आसपास. त्याच्या जागी १० एचपीचं हलकं एअरकूल्ड आणलं, ते ५० किलोच्या आसपास आणि फिरतं ३०००च्या वर. म्हणजे जुना पंखा चालत नाही, फेरे कमी करणारा रिडक्शन गेअर लागतो, फाउंडेशन नव्याने करावं लागतं, शाफ्टचं अलाइनमेंट करावं लागतं, आणि नावेच्या बुडातलं वजन गेल्यामुळे नाव वर उचलते आणि जास्त डुलते, तेव्हा वजन दुसरं टाकावं लागतं. शिवाय भुसावळकडे मे महिन्यात ४५ अंश होतं, बंद फळ्यांच्या खणात एअरकूल्ड बसवलं तर त्याला हवा मिळत नाही. हे सगळं जमवलं तर नवं छानच, सुरू पटकन होतं, आवाज-थरथर वेगळी, डिझेल कमी.

जास्त एचपी घेऊन वेग वाढेल या आशेवर मात्र राहू नका. पाणी कापत जाणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो, पाण्यात २५ फूट लांब असेल तर साधारण १२ किलोमीटर ताशी, त्याच्या पुढे डिझेल जळतं आणि लाट मोठी होते, एवढंच.

डिझेलचा हिशोब असा मांडा. चांगलं इंजिन पूर्ण लोडला दर एचपीला तासाला पाव लिटरच्या थोडं आतच खातं. १० एचपी, रोज ४ तास, म्हणजे ९ लिटर. तुमचं जुनं १५ टक्के जास्त खात असेल आणि वर्षात २०० दिवस नाव चालत असेल तर २७० लिटर जास्त, लिटरला ९० रुपये धरले तर २४,३०० रुपये. आकडा मोठा वाटतो, पण नोझल बदलून आणि फ्युएल पंप कॅलिब्रेट करून यातला बराचसा वाचू शकतो, म्हणून ते आधी करून मग मोजा.

पेट्रोलच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचं (नावेच्या मागे बाहेर टांगायच्या इंजिनचं) वेगळं आहे. दोन सिलेंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये (आतल्या दाबात) १० टक्क्यांहून जास्त फरक असेल आणि पार्ट मागवावे लागत असतील तर मी बांधणार नाही.

मासेमारीची नाव असेल, एकट्या-दुकट्याची, काठ जवळ, तर ब्लॉक-क्रँक ठीक असताना बांधून घ्या, मी शंभर वेळा हेच सांगेन. नंदुरबार-धुळ्याला गुजरात जवळ, जुन्या टाइपचे पार्ट मिळतात आणि ते उघडणारे हातही अजून आहेत. पण माणसं नेणारी नाव असेल, नर्मदेकाठच्या ज्या पाड्यांना रस्ता नाही, जिथे बाळंतीण रात्री नावेतूनच दवाखान्यात न्यायची असते, तिथे माझं उत्तर बदलतं. तिथे वारा सुटल्यावर इंजिन मध्येच बंद पडणं परवडतच नाही. तिथे नवं बसवा, पैसे सगळ्यांनी मिळून काढा, आणि लाइफ जॅकेटला त्यातच पैसे धरा. नोंदणी असलेल्या नावेचं इंजिन बदललं की नवा नंबर कागदावर चढवून घ्या, नाहीतर विम्याच्या वेळी अडकाल.

आणि जुनं काढलंत तर लगेच भंगारात घालू नका, क्रँक बरा असेल तर शेतावर पंपाला ते अजून चालतं, नाहीतर शेजारच्या नावेला त्याचं हेड आणि फ्लायव्हील उपयोगी पडेल.