स्पिरुलिनाच्या नावाने विकलेली हिरवी पावडर : बोडीवाल्यांनो, आधी तपासा

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की मासोळीच्या अंगावर लाल चट्टे येतात, पुढे त्याच्या जखमा होतात. भंडारा-गोंदियाकडच्या बोडीवाल्यांना (बोडी म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं छोटं तळं) आणि ढिवर समाजाच्या मासेमारी सोसायट्यांना हे नवीन नाही. आमच्या गावात स्पिरुलिना या शेवाळाची म्हणून हिरवी पावडर विकणारा एक विक्रेता नेमका याच दिवसांत आला. "भाऊ, हे औषध नाही, शेवाळ आहे. मासोळीचं निसर्गातलंच खाणं. शंभर किलो खाद्यात पाच किलो मिसळा, चट्टे जातील, वजन वाढेल," असं त्याने सांगितलं. भाव ढेपेच्या दहापट होता. सोबत शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं की मासोळी कंपनीच उचलेल. पैसे मात्र एका माणसाच्या खाजगी खात्यावर घेतले आणि बिल कच्चं दिलं.

त्याच्या बोलण्यात खरं बरंच होतं, म्हणून सोसायटीतल्या जाणत्यांनाही ते पटलं. स्पिरुलिना हे खरोखर चांगलं खाद्य आहे. सुकलेल्या पावडरीत साधारण ५५ ते ७० टक्के प्रथिनं असतात. थोड्या प्रमाणात खाद्यात दिली तर माशांची वाढ आणि रोगप्रतिकारशक्ती सुधारते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण तो हळूहळू होणारा फायदा आहे, पडलेली जखम त्याने भरत नाही.

खाद्य सुरू केल्यावर काही दिवसांतच कटला दुपारच्या उन्हात वर येऊन तोंड उघडू लागली. प्राणवायू कमी पडला तर मासोळी पहाटे वर येते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. दुपारी का यावी, हे कोणाला उमगेना. रोहू मरू लागली तेव्हा खाद्य बंद केलं आणि पावडर नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातल्या एका मुलाला दाखवली.

त्याने काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, वरून चिमूटभर पावडर टाकली आणि न ढवळता ठेवून दिली. खऱ्या स्पिरुलिनात फायकोसायनिन नावाचा निळा रंग असतो, तो पाण्यात विरघळतो. काही तासांत पाण्यात निळाई उतरली पाहिजे. आमचं पाणी लगेच पोपटी झालं आणि तळाशी कोंडा बसला. खूप उन्हात वाळवलेल्या किंवा जुन्या मालात निळा रंग कमी उतरतो, म्हणून त्याने सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिलं. स्पिरुलिनाचे धागे स्प्रिंगसारखे पिळदार असतात. आमच्या पावडरीत भाताच्या कोंड्याचे तुकडे होते.

मग पावडरीत युरिया आहे का हे पाहायला तिच्यात कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि थोडं पाणी कालवून झाकून ठेवलं. सोयाबीनमधल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) युरियाचा अमोनिया होतो. झाकण काढताच उग्र वास आला. मासोळी दुपारी का तडफडत होती ते तेव्हा कळलं. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो, दुपारी हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. गुरांना युरिया प्रक्रिया केलेलं तणीस (भाताचा पेंढा) चालतं, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू त्याचा उपयोग करून घेतात. मासोळीला तशी सोय नाही.

विक्रेत्याने प्रयोगशाळेचा अहवालही दाखवला होता, 'प्रथिने ६२ टक्के'. तो आकडा खोटा असायचीही गरज नव्हती. नेहमीच्या तपासणीत प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे कागदावर २८७ टक्के प्रथिनं! कोंड्यात पाचवा हिस्सा युरिया घातला तरी अहवाल साठीच्या वर जातो. म्हणून 'क्रूड प्रोटीन'वर थांबू नका, प्रयोगशाळेकडून युरिया आणि बिगरप्रथिन नायट्रोजन वेगळा तपासून मागा.

दुसऱ्या खेपेला त्याने 'जिवंत कल्चर'चे डबेही आणले होते. एकदा बोडीत ओता, आपोआप वाढेल, असं म्हणत होता. स्पिरुलिनाला साडेनऊ-दहा सामूचं अल्कधर्मी पाणी लागतं. आपल्या बुलडाण्याच्या लोणार सरोवरात ती वाढते, ती तिथल्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यामुळेच. तेवढ्या सामूवर रोहू-कटला तगणार नाही. उलट बेताचं शेण टाकलेल्या बोडीत साधं शेवाळ आणि त्यावर जगणारे सूक्ष्म जीव फुकट तयार होतात, आणि कटला तेच खाते. चट्टे दिसले तर मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याला विचारून बोडीत टाकायच्या चुन्याची मात्रा ठरवा.

ज्यांच्याकडे असा माल आला असेल त्यांनी एक तरी न फोडलेलं पाकीट, पैसे दिल्याची नोंद आणि मेलेल्या मासोळीचे फोटो जपून ठेवा. उपजीविकेसाठी घेतलेल्या मालाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. पोलिसांत फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आम्ही दोन्हीकडे अर्ज दिला आहे. एकाच विक्रेत्याने अनेक गावांत माल दिला असेल तर सगळ्यांच्या तक्रारी एकत्र जाणं फार गरजेचं आहे. शेजारच्या सोसायटीत विचारा.