वस्तीतल्या पोरांचं लिखाण: झेरॉक्स अंक काढावा की पुस्तक?

मुकुंदवाडीत नाहीतर नांदेडला देगलूर नाक्याकडे पोरापोरींचा लेखनवर्ग चालवत असाल, तर वर्षाअखेरी हा प्रश्न येतोच.

झेरॉक्स अंकाचं गणित सोपं. ए-फोर कागद दुमडायचा, मधोमध पिना मारायच्या. पानं चारच्या पटीत बसवली की झालं. शंभरेक प्रतींना याहून स्वस्त काही नाही. पानं पोरंच लावतात, चूक राहिली तर पुढच्या खेपेला दुरुस्त होते. पण अंक वस्तीबाहेर फारसा जात नाही.

पुस्तकाचं वजन वेगळं. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते. म्हणजे पोरीची कविता तिथवर पोचते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, 'नंबर काढून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ऑफसेट छपाईला प्लेटचा खर्च प्रती कितीही काढा, तेवढाच, म्हणून थोड्या प्रतींना ती महाग पडते. शे-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाईच बरी, नाहीतर गठ्ठे तुमच्याच पलंगाखाली.

खरी मेख भाषेत आहे. पोरगं लिहितं, 'बाप कामाला जायलाय.' मुद्रितशोधक त्याचं 'वडील कामावर जात आहेत' करतो आणि त्या घरातला बाप गायब होतो. झेरॉक्स अंकात लेखणी तुमच्या हातात राहते. पुस्तक करणार असाल तर बोली तशीच ठेवायची, हे प्रकाशकाकडून आधी लिहून घ्या. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर डीटीपीवाल्याने (संगणकावर पानं लावणाऱ्याने) जुन्या फॉन्टात ओढला की जोडाक्षरं फुटतात, तेही प्रूफात बघा. आपल्याकडे 'अस्मितादर्श'सारख्या त्रैमासिकाने नवख्या दलित लेखकांना जागा दिली. पुढे त्यातल्या कित्येकांची पुस्तकं आली. म्हणून माझं मत आधी अंकाकडे झुकतं.

एक अपवाद मात्र पक्का. दारू, मारहाण, घरातलं भांडण यावरचं लिखाण झेरॉक्स अंकात घेऊ नका. तो त्याच गल्लीत वाचला जातो, टोपणनाव घातलं तरी शेजारीण ओळखते. असा मजकूर पुस्तकासाठी राखा, तोही नाव-गाव बदलून. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर पीडित मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याचीच बंदी आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ? एकदा सुटली की आवरत नाही. पालकांना दाखवण्यापुरती ठीक.

काहीही निवडा, कॉपीराइट पोरांचाच. अठरा वर्षांखालच्यांना करार करता येत नाही, म्हणून पालकांची सही घ्या. आणि पोराला वेगळं बसवून विचारा. आईबापासमोर ते 'हो'च म्हणणार.