एअर पिस्तुलाची अक्रोडी मूठ: ‘एम’ मापावर विसंबू नका

दहा मीटर एअर पिस्तुलाबरोबर येणारी अक्रोडाची मूठ पेटीतून काढल्या काढल्या हातात छान बसते, आणि फसगत तिथंच होते. लाकडाला नावं ठेवायला जागा नाही. पण एम (मीडियम, मध्यम) माप म्हणजे सगळ्यांचं माप, म्हणजेच नेमकं कुणाचंच नाही. कोल्हापुरात दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नव्यानं जाणाऱ्यांनी तिला बेतलेलं कापड समजावं. शिवण अजून बाकी आहे.

माप निवडताना तळव्यापेक्षा तर्जनी बघा. पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर टेकला पाहिजे आणि बोटाची कड लाकडाला लागता कामा नये. इथंच ही मूठ कमी पडते. बोट लाकडाला घासलं की ट्रिगरबरोबर मूठही ढकलली जाते आणि उजव्या हाताचे छर्रे डावीकडे जातात. तिथलं लाकूड दोनेक मिलिमीटर उतरवा. सुताराची कानस फार जाड पडते. गुजरीकडं, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सराफी हत्यारांच्या दुकानात बारीक कानशींचा संच मिळतो, तो घ्या. मूठ पिस्तुलावरून सोडवूनच घासा, नाहीतर भुसा थेट ट्रिगरच्या यंत्रणेत.

मग पिस्तूल धरून, डोळे मिटून हात उचला आणि डोळे उघडा. पुढचा मणी (नळीच्या टोकाची साइट) मागच्या साइटच्या खाचेत उजवीकडं दिसतोय? अंगठ्याच्या बुडाशी भर हवी. डावीकडं दिसला तर तळव्याच्या मागच्या बाजूला. मनगट वळवून मणी मध्ये आणायची सवय लावून घेऊ नका, दहाव्या छर्ऱ्यानंतर ते मनगट दगा देतंच.

भरीसाठी एम-सील (दोन भाग एकत्र मळून लावायची इपॉक्सी पुटी) पुरतं. आधी तिथलं पॉलिश खरवडून काढा, नाहीतर पापुद्रा सुटतो. दोन्ही भाग सारखे मळायचे, थर दीड-दोन मिलिमीटरच, हातावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून मूठ नेहमीसारखी धरायची. घट्ट आवळली तर ठसा खोटा येतो. चोवीस तासांनी १२० नंबरचा पॉलिश पेपर. भर घालताना हावरेपणा नको: स्पर्धेत पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं आणि गाडी अडते ती या ५० वर.

तळव्याखालची फळी मात्र झकास आहे, ॲलन कीनं सहज सरकते. ती हाताला नुसती टेकू द्या. आवळली की नाडीचा ठोका मण्यावर दिसतो.

वर लॅकर नको, घामानं निसरडं होतं. जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे (तेलाचं फडकं बोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतं). कोल्हापूरच्या पावसात लाकूड फुगतं आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसतं, तेव्हा मुठीचा स्क्रू सैल होतो. नेम अचानक पसरला तर साइट फिरवण्याआधी तो स्क्रू तपासा.