रेसव्हीजी, लिबआरएसव्हीजी आणि बॅटिक : एसव्हीजी फाइल तपासायला कोणते साधन घ्यावे?

एसव्हीजी फाइल (रेषा, आकार आणि मजकूर यांचे वर्णन एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात लिहिलेली चित्राची फाइल) क्रोममध्ये उघडली आणि आकृती नीट दिसली, की फाइल निर्दोष आहे, असा समज पुण्यातल्या अनेक डिझाइन स्टुडिओंत आणि डीटीपी करणाऱ्यांत आजही पक्का आहे. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांसाठी आकृत्या काढण्याचे काम मी नारायण पेठेत बसून करते. त्याच आकृत्या छापील पुस्तकात, प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आणि शिक्षकांच्या मोबाइलवर जातात आणि प्रत्येक ठिकाणी फाइल वाचणारे सॉफ्टवेअर वेगळे असते. त्यामुळे 'इथे दिसते' याला माझ्या कामात फारसा अर्थ नाही. फाइल मानकाला धरून आहे का, हे पाहावे लागते आणि त्यासाठी एकापेक्षा जास्त व्ह्यूअर, म्हणजे फाइल वाचून चित्र दाखवणारी साधने, हाताशी ठेवावे लागतात. या लेखात मी वापरत असलेल्या तीन साधनांचे परीक्षण केले आहे. तिन्ही मुक्त स्रोत असून त्यांना पैसे पडत नाहीत. माझे मत आधीच सांगते : रोजच्या तपासणीला रेसव्हीजी, कडक परीक्षक म्हणून बॅटिक आणि तिसरे मत म्हणून लिबआरएसव्हीजी. ब्राउझरची पाळी सर्वांत शेवटी.

मानक म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने एसव्हीजी १.० ची शिफारस सप्टेंबर २००१ मध्ये, १.१ ची जानेवारी २००३ मध्ये आणि १.१ ची दुसरी आवृत्ती ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध केली. एसव्हीजी २ मात्र २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उमेदवार शिफारशीच्या (अंतिम शिफारशीच्या आधीच्या) पायरीपर्यंत आले आणि तिथेच राहिले. परिणाम असा, की काही व्ह्यूअर १.१ काटेकोरपणे पाळतात, तर काही एसव्हीजी २ मधल्या सोयीच्या गोष्टी उचलतात आणि बाकीच्या सोडून देतात. १.१ मध्ये दुव्यासाठी 'एक्सलिंक:एचरेफ' लिहावे लागते, एसव्हीजी २ मध्ये नुसते 'एचरेफ' चालते. सफारीने हे नुसते रूप १२.१ या आवृत्तीपासून स्वीकारले, बॅटिकला ते आजही नको असते. १.१ मधले एसव्हीजी फाँट (अक्षरांचे आकार एसव्हीजीतच लिहिलेले फाँट) फायरफॉक्सने कधीच घेतले नाहीत, क्रोमने २०१४ मध्ये काढून टाकले आणि एसव्हीजी २ मधूनही ते गेले. तेव्हा 'फाइल मानकाप्रमाणे आहे' असे म्हणताना कोणत्या आवृत्तीप्रमाणे, हे सांगितलेच पाहिजे. आमच्या आकृत्यांसाठी मी १.१ ही मर्यादा घालून घेतली आहे, कारण त्या मर्यादेत राहणारी फाइल सर्वाधिक ठिकाणी उघडते.

डब्ल्यूथ्रीसीचा ऑनलाइन व्हॅलिडेटर, म्हणजे फाइलचे व्याकरण तपासणारी सेवा, अनेकांना पुरेसा वाटतो. तो वापरावाच, पण त्याचा निकाल जपून वाचावा. डीटीडीच्या (कोणते घटक आणि गुणधर्म चालतात, याच्या यादीच्या) आधाराने तपासताना तो इंकस्केप या चित्र-संपादकाने स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या नामावकाशातल्या (नावांच्या वेगळ्या गटातल्या) प्रत्येक गुणधर्मावर चूक दाखवतो, जरी परक्या नामावकाशातले घटक एसव्हीजीमध्ये ठेवायला मानकाची हरकत नसते. उलट, फाइलची रचना व्याकरणशुद्ध असली की तो समाधानी होतो. आकृतीतला कंस भलत्याच दिशेला वळला आहे का, हे त्याला कळण्याचा प्रश्नच नाही. दिसणे आणि व्याकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही तपासाव्या लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. बहिर्वक्र भिंगाची आकृती दोन कंसांनी होते. एसव्हीजीच्या पाथमध्ये, म्हणजे रेषेचा मार्ग आकड्यांत लिहिलेल्या भागात, कंसाला दोन त्रिज्या, एक कोन, मग ० किंवा १ असे दोन ध्वज (कंस मोठा की लहान आणि कोणत्या दिशेचा, हे सांगणारे) आणि शेवटी टोकाचा बिंदू द्यावा लागतो. ध्वज नेहमी एकाच अंकाचा असल्यामुळे त्यानंतर मोकळी जागा न सोडण्याची मुभा मानकाच्या व्याकरणात आहे आणि फाइल लहान करणारी एसव्हीजीओसारखी साधने तिचा फायदा घेऊ शकतात. अशा फाइलमध्ये '० ० १ ५० ५०' ऐवजी '० ०१५० ५०' असे लिहिलेले सापडते. ज्या व्ह्यूअरने पाथ वाचण्याचा भाग घाईने लिहिला आहे, तो '०१५०' ही एकच संख्या समजतो, पुढचे आकडे कमी पडतात आणि पाथमध्ये चूक झाली असे ठरवतो. पाथमध्ये चूक सापडली तर त्या चुकीच्या आधीपर्यंतचा भाग रेखाटावा, असा मानकाचा नियम आहे. त्यामुळे व्ह्यूअर नियम पाळतो आणि भिंगाची एक बाजू गायब होते. यात फाइलचा दोष काहीच नाही. तरीही पुस्तक छापून आले की बोलणी आकृती काढणाऱ्यालाच खावी लागतात, म्हणून मी फाइल लहान करताना ध्वज सुटे ठेवण्याचा पर्याय निवडते.

आता रेसव्हीजीविषयी. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले हे साधन एसव्हीजी फाइलची पीएनजी प्रतिमा करून देते. त्याने स्वतःची कक्षा आखून घेतली आहे : फक्त स्थिर चित्र, स्क्रिप्ट आणि ॲनिमेशन नाही. त्या कक्षेत मात्र ते विलक्षण काळजीने काम करते. चित्र रंगवण्याचे काम ते संगणकातल्या कोणत्याही ग्राफिक्स व्यवस्थेवर सोपवत नाही, स्वतः करते, त्यामुळे फाँट तेच असतील तर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर एकच प्रतिमा मिळते. तपासणी करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. प्रतिमेत फरक पडला तर तो फाइलमुळे पडला, यंत्रामुळे नाही, हे खात्रीने म्हणता येते. त्याच्यासोबत सुमारे १६०० छोट्या चाचणी फाइली येतात आणि प्रत्येक फाइल एकाच गोष्टीची परीक्षा घेते. मला या फाइली साधनाइतक्याच मोलाच्या वाटतात. एखाद्या नव्या ॲपमध्ये आमच्या आकृत्या जाणार असतील, तर त्या ॲपमध्ये या संग्रहातल्या मोजक्या फाइली आधी उघडून पाहिल्या की त्याचे कच्चे दुवे लगेच कळतात. डब्ल्यूथ्रीसीचा स्वतःचा १.१ चा चाचणी संचही असाच उपयोगी पडतो. त्यात प्रत्येक चाचणीबरोबर अपेक्षित चित्र आणि उत्तीर्ण होण्याची अट लिहिलेली असते.

मराठी मजकुराचा विषय सर्वांत नाजूक आहे आणि तिथेच व्ह्यूअरमधले फरक उघडे पडतात. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्यातला अर्धा र हा नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून लिहिला जातो. अक्षरजुळणी नीट येत असलेला व्ह्यूअर त्या जागी य च्या डाव्या बाजूला जोडलेली छोटी वळणदार रेघ दाखवतो; ज्याला ती येत नाही, तो खाली टिंब असलेला र, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे सुटा य, अशी मोडतोड समोर ठेवतो. रेसव्हीजीने हार्फबझ या प्रसिद्ध जुळणी-यंत्रणेचे रस्टमधले रूप वापरले आहे, त्यामुळे तिथे 'दुसऱ्या', 'क्षेत्रफळ', 'स्थितिज ऊर्जा' हे शब्द व्यवस्थित येतात. फाँटची फाइल आज्ञेतच नेमून देता येते आणि संगणकातले बाकीचे फाँट वगळताही येतात. आपल्या संगणकात फाँट होता म्हणून दिसले, दुसरीकडे नव्हता म्हणून बिघडले, हा नेहमीचा घोटाळा या एका सोयीने आधीच पकडला जातो. एका छापखान्यातून आमच्या विद्युत परिपथाच्या आकृतीतल्या सगळ्या नावांच्या जागी रिकाम्या चौकटी छापून आल्या होत्या, तेव्हापासून ही चाचणी केल्याशिवाय मी फाइल बाहेर जाऊ देत नाही.

पीडीएफमधून एसव्हीजी बनवणाऱ्या साधनांविषयी इथेच सावध करते. अशा फाइलींत बहुधा प्रत्येक अक्षराला आडव्या दिशेतल्या जागेचा वेगळा अंक दिलेला असतो. इंग्रजीत ते खपून जाते. देवनागरीत एक जोडाक्षर अनेक युनिकोड चिन्हांनी बनत असल्यामुळे काही व्ह्यूअर जोडाक्षर अखंड ठेवतात, तर काही तोडतात. अक्षरांमधले अंतर वाढवण्याचा गुणधर्मही टाळावा, कारण त्याने शिरोरेषा तुटते. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या डोळ्याला लगेच खुपते, पण तपासणीत सहसा कुणी पाहत नाही : ल आणि श यांचे मराठी वळण. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये ही मराठी रूपे दिलेली असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे फाइलमध्ये नोंदवले आणि व्ह्यूअरने ती नोंद फाँटपर्यंत पोचवली, तरच ती उमटतात. म्हणून मजकुराच्या घटकावर 'एक्सएमएल:लँग' मध्ये 'एमआर' लिहावे आणि प्रत्येक व्ह्यूअरमध्ये 'शाळा' हा एक शब्द पाहून घ्यावा.

लिबआरएसव्हीजी हा ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉप प्रकल्पातला, एसव्हीजीचे चित्र करून देणारा संच. विकिपीडियावरच्या एसव्हीजी आकृत्यांच्या पीएनजी प्रतिमा त्यानेच तयार होतात, एवढ्यावरूनच त्याची पोच लक्षात यावी. मूळ सी भाषेतला हा संच २०१६ पासून टप्प्याटप्प्याने रस्टमध्ये आणला गेला. मजकुराची जुळणी तो पँगो या मजकूर मांडणाऱ्या संचाकडून करून घेतो आणि मराठी चांगली उमटते. एकाच फाइलमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी नावे ठेवून भाषेनुसार योग्य ती दाखवण्याची मानकातली सोय त्याला समजते, आणि कोणत्या भाषेत चित्र हवे, हे आज्ञेतच सांगता येते. द्विभाषिक पुस्तके काढणाऱ्या आप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना याचा मोठा उपयोग होईल. उणीव अशी, की फाइलमध्ये भरलेला वेबफाँट तो वाचत नाही. फाँट संगणकात बसवलेलाच असावा लागतो.

बॅटिक हे अपाचे प्रतिष्ठानचे जावामधले साधन आता जुने वाटते. स्क्विगल नावाचा त्याचा व्ह्यूअर सुरू व्हायला वेळ लागतो, दिसायला साधा आहे आणि एसव्हीजी २ तो ओळखत नाही. मराठी मजकुराबाबत त्याचा निकाल मी धरत नाही. तरीही तो मी काढून टाकणार नाही, कारण बाकीचे व्ह्यूअर जिथे समजून घेतात, तिथे हा थांबतो. आयताला रुंदी दिलेली नसेल तर ब्राउझर काही न बोलता तो आयत वगळतो. बॅटिक मात्र रुंदी आवश्यक आहे असे स्पष्ट सांगून फाइल नाकारतो. शंभर आकृत्यांच्या संचात अशी एखादी मूक गळती शोधायला याच्याइतका उपयोगी परीक्षक मला मिळालेला नाही.

इंकस्केप हा मुळात संपादक आहे, तपासणीचे साधन नव्हे, त्यामुळे त्याविषयी दोनच गोष्टी सांगते. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत चौकटीत वाहणारा मजकूर 'फ्लोरूट' या घटकात साठवला जाई. तो एसव्हीजी १.२ च्या मसुद्यातला होता आणि मानकात कधीच आला नाही, म्हणून ब्राउझरमध्ये तो मजकूर दिसत नाही. दुसरे म्हणजे, २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून इंकस्केपने एका इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. जुनी फाइल न तपासता वापरली तर १० सेंटिमीटर रुंद आकृती ९.३७५ सेंटिमीटर होते आणि मोजपट्टी किंवा कोनमापकाच्या मूळ मापातल्या आकृतीत एवढा फरक अक्षम्य आहे.

ब्राउझरमध्ये तपासायचे असेल तर एसव्हीजी स्वतंत्र फाइल म्हणून उघडावी. एचटीएमएलच्या पानात घातलेली एसव्हीजी नामावकाशाची घोषणा नसतानाही चालते. तीच फाइल सुटी उघडली की चित्राऐवजी एक्सएमएलचा मजकूर दिसतो. मग ती प्रतिमेच्या टॅगमधूनही पाहावी, कारण तिथे बाहेरचे फाँट आणि चित्रे लोड होत नाहीत.

तिन्ही साधनांतून सारख्याच रुंदीच्या पीएनजी काढून मी इमेजमॅजिक या साधनाच्या तुलनेच्या आज्ञेने एकमेकींवर ठेवून पाहते. कडांच्या गुळगुळीतपणात थोडा फरक राहणारच, म्हणून थोडी सवलत द्यावी लागते; पण सलग पट्टा किंवा अख्खे अक्षर वेगळे दिसले, तर फाइल परत उघडायची. सावल्यांच्या रंगात फरक आढळला तर आधी फिल्टरची (सावलीसारखे परिणाम देणाऱ्या सोयीची) रंगपद्धत पाहावी, कारण मानकाप्रमाणे फिल्टर मुळात रेखीय आरजीबीत (रंगाचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात धरणाऱ्या पद्धतीत) चालतात.

छापखान्याकडे फाइल पाठवताना रेसव्हीजीच्या जोडीने येणारे यूएसव्हीजी वापरावे. ते सगळे गुंतागुंतीचे संदर्भ सोडवून साधी एसव्हीजी तयार करते आणि मजकुराचे रूपांतर आकारांत करते, त्यामुळे समोरच्याकडे फाँट असो वा नसो, 'दुसऱ्या' तुटत नाही. ती फाइल मात्र संकेतस्थळावर चढवू नये, कारण आकार झालेला मजकूर शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. संकेतस्थळासाठी मजकूर मजकूरच ठेवलेली, शीर्षक आणि वर्णन भरलेली मूळ फाइलच द्यावी.