सीमारेषा न आखणारा भाषांचा नकाशा

भाषांच्या सीमा नेमक्या कुठे आहेत हे पाहण्यासाठी ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ ही विनामूल्य ऑनलाइन सेवा उघडावी, तर तिच्यात भाषेची सीमारेषा अशी एकही आढळत नाही. प्रत्येक भाषेसाठी एक ठिपका, एवढीच तिची चित्रलिपी. २००५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आणि २००८ पासून ऑनलाइन उपलब्ध असलेल्या या संग्रहात अडीच हजारांहून अधिक भाषा आहेत. मात्र त्यांची मांडणी कुळांनुसार किंवा देशांनुसार नसून व्याकरणाच्या आणि उच्चारांच्या एकेका वैशिष्ट्यानुसार आहे, आणि या सेवेचे खरे मोल त्यातच आहे.

कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा क्रम दाखवणारा १३७६ भाषांचा नकाशा पाहावा. तुर्कस्तानापासून इराण आणि मध्य आशियामार्गे दक्षिण भारतापर्यंत क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांचा सलग पट्टा दिसतो, आणि त्यात तुर्की, फारसी, मराठी, तमिळ अशा निरनिराळ्या कुळांतल्या भाषा शेजारीशेजारी नांदतात. पूर्वेकडे तर चित्र अधिकच उद्बोधक होते. संथाळी आणि मुंडारी या ख्मेर व व्हिएतनामी भाषांच्या कुळातल्याच. पण भारतातल्या या दोघी क्रियापद शेवटी ठेवतात, तर त्यांच्या आग्नेय आशियातल्या भगिनी ते कर्माच्या आधी आणतात. याउलट तिबेटी-ब्रह्मी समूहातील बहुतेक भाषांत क्रियापद शेवटी येत असताना म्यानमार-थायलंडमधील कारेन आणि चीनच्या युन्नान प्रांतातील बाई या भाषांनी मात्र थाई व चिनी शेजारणींचा क्रम धरला आहे. नात्यापेक्षा शेजार कधी वरचढ ठरतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

ठिपक्यांची पद्धत मात्र जितकी सोयीची तितकीच फसवी आहे. स्पॅनिशचा ठिपका स्पेनमध्ये आहे. त्यामुळे दक्षिण अमेरिकेवर बहुतांशी तिथल्या मूळ भाषाच दिसतात आणि आज तिथे घराघरांत बोलली जाणारी भाषा नकाशावरून गायब होते. (भाषांच्या पूर्वापार वस्तीचा हा नकाशा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.) त्याहून मोठी उणीव संक्रमणक्षेत्रांची, म्हणजे एक भाषा किंवा बोली हळूहळू दुसरीत मिसळत जाते अशा पट्ट्यांची आहे. जर्मन बोलींच्या अभ्यासात उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या उच्चारांना विभागणाऱ्या रेषा ऱ्हाईन नदीजवळ एकत्र न राहता पंख्याच्या काड्यांसारख्या फाकतात, म्हणजेच एका गावात एक ध्वनी बदललेला असतो तर दुसरा अजून जुनाच असतो. सीमेचे हे खरे स्वरूप एका ठिपक्यात मावणे शक्यच नाही. दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलणाऱ्या सीमाभागातील माणसालाही या नकाशात जागा नाही.

म्हणूनच खंडाच्या पातळीवरील प्रश्नांसाठी मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. एखाद्या जिल्ह्यापुरत्या प्रश्नासाठी बोलींचे प्रादेशिक नकाशेच पाहावेत. ठिपक्यावर टिचकी मारली की त्या माहितीचा आधारग्रंथही कळतो, ही सोय जिज्ञासू वाचकाला विशेष आवडेल. दोन वैशिष्ट्ये एकत्र करून पाहताना मात्र आधी भाषांची संख्या तपासावी. आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो की नाही, हे दाखवणाऱ्या नकाशात ५२७ च भाषा आहेत, आणि तो वाक्यक्रमाच्या नकाशाशी जोडला की दोन्हींची माहिती असलेल्या भाषाच उरतात. तिथे दिसणारी मोकळी जागा बहुतेक वेळा माहितीच्या अभावाची असते, भाषांच्या नव्हे.